सर्दीचा रिपोर्ट कुठून आणायचा?

भाचा चार दिवसांपूर्वी भुसावळला आला. नाक गळतंय, दोन्ही कानांना दडे बसलेले, अंगात कणकण. पोरगा पायलट आहे. धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर शिकला, आता एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट. (कंपनीचं नाव विचारू नका, पोराची नोकरी आहे.) दोन दिवसांची सुट्टी संपत आली, ताप काही उतरेना, म्हणून त्याने सिक कळवलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी लिहून दिलं, तीन दिवस कामावर जाण्यास अयोग्य. त्याचा फोटो कंपनीच्या ॲपवर चढवला. दोन तासांत परत आला. निदान लिहा, औषधांची चिठ्ठी जोडा, तपासणीचे रिपोर्ट असतील तर तेही जोडा.

माझी बहीण भरताची वांगी भाजत होती. म्हणाली, "काब्र, सर्दीचा रिपोर्ट कुठून आणायचा?"

तुम्हा-आम्हाला सर्दी झाली तर रुमाल घेऊन ऑफिसला जातो. पायलटचं तसं नसतं. विमान वर असताना केबिनमधली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावी इतकी विरळ असते. उतरताना दाब वाढत जातो आणि नाक चोंदलेलं असेल तर कानाच्या आतली नळी उघडत नाही. मग पडद्यावर असा ताण येतो की माणूस कळवळतो, कधी पडदाही फाटतो, आणि हे नेमकं लँडिंगच्या वेळी. गोळी घ्यावी, तर सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. म्हणून सर्दी झालेल्या पायलटने घरी बसायचं असतं. शरीर धड नाही हे माहीत असूनही विमान चालवायचं नाही, ही जबाबदारी नियमानेच त्याच्यावर टाकलेली आहे. आणि तो घरी बसला की कंपनी म्हणते, पुरावा दे.

आता मी हे का लिहितोय, तर खिडकीच्या पलीकडच्या बाजूला मी स्वतः बसलो आहे. रेल्वेत तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी ड्रायव्हर लोकांच्या लॉबीत, म्हणजे त्यांच्या ड्युट्या लावणाऱ्या ऑफिसात. कोण कुठल्या गाडीवर जाणार, कोण रेस्टमध्ये, कोण सिकमध्ये, हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की सिकची रांग लागायची. लग्नसराईत तर विचारू नका. शे-दोनशे रुपयांत सर्टिफिकेट कुठे मिळतं हे सगळ्या लॉबीला माहीत होतं. त्यामुळे आजारी म्हणणाऱ्या प्रत्येकाकडे मी आधी संशयानेच बघायचो. माणूस कमी आणि गाड्या जास्त असल्या की संशय आपोआप वाढतो, हेही सांगून टाकतो.

एक ड्रायव्हर होते, माझ्यापेक्षा वयाने मोठे, अबोल. मे महिन्यातली दुपार, इंजिनाच्या केबिनमध्ये भट्टी पेटलेली. ते खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, सिक मेमो द्या." म्हणजे रेल्वेच्या डॉक्टरकडे जायची चिठ्ठी. मी म्हटलं, काय झालंय ते सांगा, मग मेमो. ते गप्प. मी पुन्हा, जरा मोठ्याने. मागे सात-आठ जण उभे. शेवटी त्यांनी खाली बघून सांगितलं, मूळव्याध. मागून कोणीतरी हसलं. संध्याकाळपर्यंत रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हर लोकांच्या विश्रांतीच्या खोलीत, त्यांना नाव पडलं होतं, ते इथे लिहीत नाही.

मेमो द्यायला मला आजाराचं नाव कळायची काही गरज नव्हती. पुढचं ठरवायला रेल्वेचा डॉक्टर होता. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना पुन्हा त्रास झाला तेव्हा ते माझ्या खिडकीवर आलेच नाहीत. रात्रभर मालगाडी उभ्याने चालवली. हे मला सहा महिन्यांनी त्यांच्या असिस्टंटने सांगितलं.

म्हणून कंपनीची बाजू मला कळते, आणि तरीही पटत नाही. मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूने एकदम सिक कळवलं, कितीतरी विमानं रद्द झाली, पंचवीस जणांना काढल्याची पत्रं गेली आणि एक-दोन दिवसांत त्यांना परत घ्यावं लागलं. आंदोलनासाठी आजारपण वापरलं जातं, नाकारत नाही. पण 12 जून 2025 ला अहमदाबादचा अपघात झाला आणि 16 जूनला एअर इंडियाच्या 112 पायलटांनी सिक कळवलं. हा आकडा मंत्री मुरलीधर मोहोळ यांनीच लोकसभेत दिला. त्या बातमीखाली "दांडीबहाद्दर" लिहिणारे आपल्याच खान्देशातले दोघे-तिघे मला सापडले. अरे, आपल्याच कंपनीचं विमान जळताना चार दिवस टीव्हीवर बघितलेल्या माणसाने "आज माझं डोकं ठिकाणावर नाही" म्हणून घरी थांबावं, की हात थरथरत कॉकपिटमध्ये बसावं? त्याचा लॅब रिपोर्ट कसला निघणार?

कोणी लगेच जर्मनविंग्ज काढेल. काढा. 24 मार्च 2015, बार्सिलोनाहून निघालेलं विमान को-पायलटने आल्प्समध्ये मुद्दाम आदळलं, तो धरून 150 जीव गेले. त्याच्या घरात डॉक्टरांच्या सिक चिठ्ठ्या फाडलेल्या सापडल्या, एक त्याच दिवसाची होती. चिठ्ठी होती, डॉक्टरला माहीत होतं, कंपनीला कळलं नाही. पण त्याने चिठ्ठी फाडली का? बहुधा लायसन्स जाईल म्हणून. फ्रेंच चौकशी संस्थेने धोका दिसला तर डॉक्टरने गुप्तता कधी मोडायची याचे स्पष्ट नियम मागितले, आणि त्याच अहवालात लायसन्स गेलेल्या पायलटच्या पोटापाण्याचाही विचार करा असं म्हटलं. युरोपने त्यानंतर पायलटांनी पायलटांशी बोलायची सोय विमान कंपन्यांना सक्तीची केली. आपल्या डीजीसीएनेही (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) 2023 मध्ये मानसिक आरोग्याबद्दल परिपत्रक काढलं.

इथे आमची रेल्वे एका बाबतीत बरी. ड्रायव्हर ए-वन मेडिकलमध्ये, म्हणजे रेल्वेच्या सगळ्यात कडक तपासणीत, बसला नाही तर डिकॅटेगराइज होतो, इंजिन सुटतं, पण दुसऱ्या कामावर घेतात, पगार चालू राहतो. कुरकुर खूप होते, पण घर बसत नाही. पायलटचं मेडिकल गेलं की घराचे हप्ते आणि ट्रेनिंगचं कर्ज तेवढं उरतं. अशा माणसाला रोस्टर (ड्युट्यांचं वेळापत्रक) बघणारा पोरगा फोनवर विचारतो, "नक्की काय होतंय सर?" तो काय सांगणार? सर्दी असली तर सांगेल. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, हे सांगेल का?

डॉक्टरने लपवूच नये अशी वेळ येते, मान्य. सुप्रीम कोर्टाने 1998 मध्येच म्हटलंय की रुग्णाची गुप्तता अमर्याद नाही. पण मग ते डीजीसीएच्या मेडिकलवाल्या डॉक्टरला सांगा. वर्षावर्षाला, वय झालं की सहा महिन्यांनी, पायलटला तपासायला तिकडे डॉक्टर आहेतच. रोस्टरच्या टेबलाला एवढंच कळावं, अयोग्य, अमुक तारखेपर्यंत. 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, आणि 2023 च्या डेटा कायद्यात नोकरीच्या कामासाठी मालकाने माहिती वापरली तर संमती लागत नाही अशी पळवाटही ठेवली गेली. त्या पळवाटेतून औषधांची चिठ्ठी आत जाऊ शकते.

अजून एक गंमत. पायलटांची साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 झाली, आणि रजेला विश्रांतीत धरायचं नाही असंही बजावलं होतं. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची विमानं धडाधड रद्द झाली तेव्हा 5 तारखेला हे दुसरं वाक्य मागे घेतलं गेलं. म्हणजे तापात काढलेले दोन दिवस हीच तुमची विश्रांती, असं म्हणायला वाट मोकळी.

भाच्याने शेवटी निदान लिहून घेतलं, चिठ्ठीचाही फोटो पाठवला. सर्दीच होती, त्यात लपवण्यासारखं काय. काल कान उघडले, आज तो मुंबईला गेला. त्याला सोडायला स्टेशनवर गेलो, तर प्लॅटफॉर्मवर ते ड्रायव्हर भेटले, नातवाला घ्यायला आले होते. नेहमीसारखा नमस्कार केला. मीही केला. गाडी पंचवीस मिनिटं लेट होती, बाकावर शेजारीच बसलो, केळीच्या भावावर बोललो.