समुद्रावर पहारा आणि बाजाराचं गेट सताड उघडं

मी राहते ऑस्ट्रेलियात, पण गेला आठवडाभर गावाकडच्या आमच्या घरच्या ग्रुपवर एकच विषय चाललाय, अमेरिकेचं दूध नि चीज आपल्याकडं येऊ द्यायचं का नाही. सगळ्यांचं एकमत आहे, येऊ द्यायचं नाही. त्यांच्या गाईंना मांसाचं खाद्य घालतात, तिकडचे रोग इकडं येतील, आपलं दूध म्हणजे अमृत. माझा चुलतभाऊ यात सगळ्यात पुढं, दिवसाला चार व्हिडिओ टाकतोय.

आधीच सांगते, आयातीवर कडक नियम असावेत याला माझा विरोध नाही, नाहीतर लगेच 'ही तिकडची झाली' सुरू होईल. मांसाच्या खाद्याची भीती खोटी नाहीये. ब्रिटनमध्ये १९८६ ला गाईंच्या मेंदूचा मॅड काऊ रोग सापडला आणि तो पसरला तो गाईंना जनावरांच्याच हाडामांसाची पूड चारल्यामुळं. भारत तसलं खाद्य न घातल्याचं सर्टिफिकेट मागतो ते मला पटतं. पण दुधातनं तो रोग पसरत नाही असं जागतिक पशुआरोग्य संघटना म्हणते, म्हणजे दुधाच्या बाबतीत आपला मुद्दा श्रद्धेचा आहे. मग श्रद्धेचा म्हणूनच ठणकावून मांडा की, रोगाचं नाव कशाला पुढं करता. बर्ड फ्लूचं कारण देऊन आपण २००७ पासून अमेरिकेची कोंबडी अडवली होती, ती केस २०१५ ला जागतिक व्यापार संघटनेत हरलो, कारण धोका किती याचा शास्त्रीय अभ्यासच आपण केलेला नव्हता.

माझी खरी चिडचिड मात्र वेगळीच आहे. हाच चुलतभाऊ २०२२ ला जनावरांच्या अंगावर गाठी आणणारा लंपी आला तेव्हा काय म्हणत होता? सरकारनं जनावरांचे बाजार बंद केले, शर्यती थांबवल्या, वाहतूक बंद केली, तर याचं म्हणणं शेतकऱ्याच्या पोटावर पाय देताय, चार गाठी आल्या म्हणून काय जनावर मरतंय होय. खिलार बैलांवर जीव टाकणारी माणसं आपण, आणि अंगभर गाठी आलेला बैल मान खाली घालून उभा राहिलेला बघूनसुद्धा बाजार कधी उघडणार हीच चौकशी. म्हणजे रोग बोटीतनं आला तर तो रोग आणि शेजारच्या तालुक्यातनं टेंपोत बसून आला तर नशीब, असं कसं चालेल?

लाळ्या खुरकूत तर आपण घरचाच करून टाकलाय. खटाव तालुक्यातल्या आमच्या गोठ्यात तो मी लहानपणी बघितलाय. गाईच्या तोंडातनं दोरीसारखी लाळ लोंबायची, जीभ सोलवटलेली, खुरांच्या बेचक्यात जखमा आणि त्यात किडे. आण्णा पोटॅशियमच्या जांभळ्या पाण्यानं खूर धुवायचे आणि गाय पाय झटकायची. दूध तर आटलेलंच. तेव्हा सगळे म्हणायचे साथ आहे, जाईल. आता २०१९ पासून सरकार फुकट लस देतंय, वर्षातनं दोनदा, तरी लस टोचली की दोन दिवस दूध कमी येतं म्हणून डॉक्टर आले की जनावरं रानात नेणारी माणसं आहेत. आणि मग डेअरी भाव देत नाही म्हणून ओरड. अरे, ज्या देशात हा रोग मुरलाय त्या देशाच्या दुधा-मांसाला मोठमोठी मार्केट दारातच उभी करत नाहीत, हे भावाच्या भांडणात कुणी बोलतच नाही.

इथं व्हिक्टोरियात आमच्या आजूबाजूला सगळे डेअरीवालेच. ऑस्ट्रेलियात हा रोग शेवटचा आला १८७२ साली. २०२२ च्या मे महिन्यात इंडोनेशियात सापडला तर जुलैत इथल्या एअरपोर्टवर बालीहून येणाऱ्यांना ॲसिडच्या मॅटवर बूट बुडवायला लावले. त्याच महिन्यात बालीहून आलेल्या एका प्रवाशानं बॅगेतले मांस घातलेले दोन मॅकमफिन (सँडविचसारखे पाव) नि एक क्रोसाँ सांगितले नाहीत म्हणून त्याला २,६६४ डॉलर दंड झाला. ग्रुपवर सगळे हसले, मॅकमफिनला एवढं काय म्हणे. माझ्या शेजाऱ्याला त्या आठवड्यात झोप नव्हती. त्याच्या पॅडकमधल्या, म्हणजे कुंपणातल्या कुरणातल्या, प्रत्येक गाईच्या कानात टॅग, कुठनं आली कुठं गेली सगळी नोंद. बारा आकडी टॅग आपल्याकडंपण आलाय, पण विकताना कोण बघतंय?

आईनं दिलेले साताऱ्याचे कंदी पेढे इथं एअरपोर्टवर, देशात शिरताना भरायच्या कार्डावर, मी स्वतः लिहिले होते. ऑफिसरनं खोका उघडला, तुपानं डागाळलेला कागद बाजूला केला, दुधाचे आहेत का विचारलं, मी हो म्हटलं आणि खोका बिनमध्ये गेला. आई फोनवर म्हणाली, अगं एवढा भाजलेला खवा, त्यात कसला रोग राहतोय. राहात नसेलही, पण कुठल्या घरचा खवा किती भाजलाय हे त्या माणसानं कसं ओळखायचं? नियम बरोबर आहे, आजही तेच म्हणते. तरीपण आपल्या घरच्या गोड खाण्याकडं कुणी धोका म्हणून बघतं ते आत लागतंच, आणि ते मी ग्रुपवर कधी लिहिलं नाही कारण लिहिलं की चुलतभाऊ जिंकला.

त्याच कार्डावर आणखी एक प्रश्न असतो, गेल्या ३० दिवसांत फार्मवर किंवा जनावरांजवळ गेला होता का. मी दर वेळी हो वरच टिक करते, मग बूट काढून घेतात, तळव्यातली माती ब्रशनं काढतात आणि ओले बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परत देतात. रांगेतले शहरी लोक नाही लिहून पुढं निघून जातात. मला नाही लिहिता येत, माझ्या घराचं दार गोठ्यातच उघडतं. इतकी वर्षं इथं राहून, इथला टॅक्स भरून, त्या टेबलापाशी मी खटावचीच असते, आणि गावी गेले की लसीचा विषय काढल्या काढल्या ऑस्ट्रेलियाची. दोन्हीकडं मीच परकी, याचा त्रास होतो, खोटं कशाला बोलू.

पण म्हणून मी गप्प बसणार नाही. अमेरिकेचं चीज दिल्लीत अडवतील नाहीतर सोडतील, त्यात ना माझं चालतंय ना चुलतभावाचं. पुसेगावच्या यात्रेतनं नवीन खोंड आणला तर तो तीन आठवडे वेगळा बांधायचा, त्याची बादली वेगळी ठेवायची, एवढं तर त्याच्या हातात आहे का नाही? यंदा यात्रेच्या आधी आपल्या गोठ्यात लस झाली का, तेवढं ग्रुपवर टाक बाबा, व्हिडिओ नको.