परंपरा मानणारे सत्तेपुढे वाकतात, असं कुणी सांगितलं?

माझी भाची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. रविवारी तिनं राज्यशास्त्राची वही माझ्यापुढे ठेवली. "मामा, एवढं एक पान बघ ना, बरोबर आहे का." हिरव्या शाईत मथळा होता : 'रूढिवादी उदारमतवाद – एक फसवणूक'. इंग्रजीत 'कन्झर्व्हेटिव्ह लिबरलिझम' म्हणतात ती ही विचारसरणी : माणसाचं स्वातंत्र्य जपायचं, पण जुन्या संस्था एका फटक्यात न मोडता. खाली पाच मुद्दे, आणि पाचव्याखाली दोन रेघा. कुठून उतरवलंस असं विचारल्यावर तिनं मोबाइल पुढे केला. गेल्या महिन्यात तीन ग्रुपवर मला आलेला आणि मी न वाचता सोडून दिलेला तोच मेसेज. तो थेट तिच्या उत्तरपत्रिकेत जायला निघाला होता.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक, हे दोन शब्द एकमेकांना छेद देतात, म्हणून अशी विचारसरणी असूच शकत नाही. दोन, ती श्रीमंतांची सोय आहे, गरिबाच्या मताला तिचा विरोध. तीन, तिनं जगात एकही सुधारणा होऊ दिली नाही. चार, ती परदेशी आहे, आपल्याकडे आली ती राजेरजवाड्यांच्या स्वतंत्र पक्षातून. पाच, हुकूमशाही आली की हे लोक प्रत्येक वेळी गप्प बसतात.

पाचव्यापासून सुरुवात करतो. बाकीचे चार अर्धवट वाचनातून आलेले असतील, पण हा पाचवा ज्यांनी किंमत मोजली त्यांच्यावर चिखल उडवतो.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली आणि पाठोपाठ वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप. मुंबईत मिनू मसानी 'फ्रीडम फर्स्ट' नावाचं छोटंसं मासिक चालवत होते. १९५२ पासूनचं, फार खप नसलेलं. मसानी म्हणजे १९५९ मध्ये निघालेल्या, 'स्वतंत्र' याच नावाच्या पक्षाचे एक संस्थापक. तरुणपणी ते समाजवादी होते, १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या उभारणीत होते, आणि पुढे विचार करून तिथून बाहेर पडले. त्यांनी ऑगस्ट १९७५ च्या अंकाचा मजकूर नियमाप्रमाणे सेन्सॉरकडे पाठवला. सेन्सॉरनं त्यातला बराच मजकूर छापायला मनाई केली. असं झालं की बहुतेक संपादक तो मजकूर काढून टाकत, फार तर जागा कोरी सोडत. मसानी मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांची बाजू सोली सोराबजींनी मांडली. निकाल मसानींच्या बाजूनं लागला, सेन्सॉर अपिलात गेला आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. मदन आणि न्या. कनिया यांच्या खंडपीठापुढे तिथेही हरला. सरकारवर शांततेच्या मार्गानं टीका करणं, अगदी आणीबाणीला विरोध करणंसुद्धा, एवढ्यावरून मजकूर घातक ठरत नाही. सगळ्या नियतकालिकांना एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं कामच नव्हे, असं त्या निकालपत्रात स्वच्छ लिहिलंय.

तारीख लक्षात घ्या. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, एप्रिल १९७६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतानं सांगितलं की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी दादच मागता येणार नाही. म्हणजे देशातलं सगळ्यात मोठं न्यायालय मागे सरत होतं त्याच दिवसांत एका लहानशा मासिकाचा संपादक आपले लेख छापण्याचा हक्क कोर्टातून मिळवून आला होता. याला गप्प बसणं म्हणायचं?

घटनातज्ज्ञ नानी पालखीवाला तर इंदिरा गांधींचे वकील होते. अलाहाबादच्या निवडणूक खटल्याच्या अपिलात २३ जूनला ते त्यांच्यासाठी उभे राहिले. आणीबाणी जाहीर झाली आणि त्यांनी वकीलपत्र परत केलं. नोव्हेंबरमध्ये केशवानंद भारती निकालाचा फेरविचार करण्यासाठी सरन्यायाधीश ए. एन. रे यांनी तेरा न्यायाधीशांचं पीठ बसवलं, तेव्हा समोर उभे राहिले तेही पालखीवालाच. दोन दिवसांच्या सुनावणीनंतर ते पीठ बरखास्त झालं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण ही विचारसरणी नेमकी काय आहे ते केशवानंदमध्ये जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्या व्याख्येत दिसत नाही. २४ एप्रिल १९७३ चा निकाल, सात विरुद्ध सहा. संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. घराची डागडुजी करा, भिंत हलवा, खोली वाढवा, पण पाया उखडण्याचा हक्क आजच्या बहुमताला नाही. यात बदलाला मुभा आहे आणि मागच्या पिढीनं जे घालून दिलं त्याचा मानही आहे. तो मान कशासाठी? माणसाचं स्वातंत्र्य त्या चौकटीच्या आधारानं उभं असतं म्हणून. पालखीवाला स्वतंत्र पक्षात नव्हते, पण विचार याच घराण्याचा.

फ्रान्समध्येही हेच दिसतं. अलेक्सी द तोकव्हिल हा सरदार घराण्यातला, धर्माचं आणि स्थानिक संस्थांचं महत्त्व सांगणारा माणूस. १८४९ मध्ये काही महिने तो परराष्ट्रमंत्री होता, लुई नेपोलियनच्याच राज्यात. त्याच लुई नेपोलियननं डिसेंबर १८५१ मध्ये सत्ता बळकावली तेव्हा विरोध करणाऱ्या खासदारांबरोबर तोकव्हिलला अटक झाली. सुटल्यावर त्यानं राजकारण सोडलं. हात जोडून नव्या राजवटीत मंत्रिपद मागायला गेला नाही.

आता जे मान्य करायला हवं ते. १९२२ मध्ये इटलीच्या जुन्या उदारमतवाद्यांनी, माजी पंतप्रधान जोलित्तींसकट, मुसोलिनीच्या सरकारला पाठिंबा दिला. हा माणूस चार दिवसांत निवळेल असं त्यांना वाटलं. २३ मार्च १९३३ ला हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध जर्मन संसदेत मतदान केलं ते फक्त सामाजिक लोकशाहीवाद्यांनी, ९४ मतं. उदारमतवादी पक्षांचे उरलेसुरले सदस्य 'हो' म्हणाले. ही लाजिरवाणी गोष्ट आहे आणि ती लपवून कुणाचं भलं होणार नाही. पण त्याच इटलीत तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचेनं आपली चूक ओळखून १९२५ मध्ये फॅसिझमविरुद्ध विचारवंतांचं जाहीर निवेदन काढलं. त्यावर सही करणारे अर्थतज्ज्ञ लुइजी एइनाउदी हे युद्धानंतर, १९४८ मध्ये, इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे काही वाकले, काही उभे राहिले. मेसेजमध्ये शब्द आहे 'प्रत्येक वेळी'. तो खोटा आहे.

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. घोटाळा 'रूढिवादी' या भाषांतरात आहे. रूढी म्हणजे विचार न करता चालत आलेलं. परंपरा म्हणजे पिढ्यांनी वापरून, पारखून, दुरुस्त करत पुढे दिलेलं. म्हणून मी 'परंपरानिष्ठ उदारमतवाद' म्हणतो. जपायचं काय, हे उदारमतवाद सांगतो : व्यक्तीचं स्वातंत्र्य, तिची मालमत्ता, कायद्यापुढे समानता, सरकारच्या हाताला मर्यादा. ते जपायचं कसं, हे परंपरानिष्ठा सांगते : न्यायालयं, स्थानिक संस्था, कुटुंब, धर्मसंस्था, व्यवसायांच्या संघटना अशा सरकार आणि एकटा माणूस यांच्या मध्ये उभ्या असलेल्या गोष्टी एका फटक्यात मोडू नका, कारण त्या गेल्या की माणूस सरकारपुढे उघडा पडतो. एक 'काय'चं उत्तर, दुसरं 'कसं'चं. यात छेद कुठे आला? आणि पक्षांच्या नावांवरून विचारसरणी ओळखायची असेल तर डेन्मार्कचा व्हेन्स्त्रे बघा. १८७० चा, शेतकऱ्यांच्या बळावर वाढलेला, आज या प्रवाहातला ठळक पक्ष. त्याच्या नावाचा अर्थ 'डावे' असा आहे.

तिसरा मुद्दा, एकही सुधारणा नाही. मराठी माणसानं हे वाक्य पुढे ढकलावं याचं मला फार वाईट वाटलं. आपल्याकडे ज्यांना नेमस्त म्हणून बाजूला सारलं गेलं, त्यांचं आयुष्य सुधारणेतच गेलं. न्या. रानडे सांगत की सुधारणेच्या वाटा अनेक आहेत, आणि त्यातली एक परंपरेचाच आधार घेऊन जाते. विधवाविवाहाला शास्त्राधार दाखवायचा तो यासाठी. १८९१ चं संमतिवयाचं बिल घ्या. मुलीचं संमतिवय दहावरून बारा वर्षं करायचं, एवढीच मागणी. त्यावर पुण्यात केवढं रान उठलं होतं! तेव्हा डॉ. भांडारकरांनी काय केलं? धर्मशास्त्राचे मूळ संस्कृत ग्रंथ काढले आणि तुम्ही ज्याला धर्म म्हणता तो ग्रंथांत तसा नाही, हे वचनं देऊन दाखवलं. विरोधकांच्या हातातली पोथी उघडून त्यांना वाचून दाखवणं, ही परंपरानिष्ठ उदारमतवादाची पद्धत. तिला धीर लागतो आणि व्यासंगही.

रानड्यांनी स्वतः पहिली पत्नी गेल्यावर १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून विधवेशी लग्न न करता अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, हे खरंच आहे. त्या काळीही लोकांनी त्यांना त्यावरून बोल लावला, आणि तो रास्त होता. जुळवून घेत चालण्याचा हा धोका आहे. कुठे थांबायचं ते कधी कधी चुकतं. त्या मुलीला मात्र त्यांनी घरच्यांचा रोष पत्करून शिकवलं आणि पुढे ती सेवासदनच्या रमाबाई रानडे झाली.

गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते पडलं, कारण सरकारी बाकांना ते नको होतं. गरिबाच्या मुलाला शाळेत बसवायची धडपड करणाराही 'सुधारणा होऊ न देणाऱ्यां'त धरायचा का?

स्वतंत्र पक्षाचे संस्थापक राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, यांचा हिशेब मात्र मिश्र आहे. १९३९ मध्ये मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात दलितांना प्रवेश मिळाला, तेव्हा प्रवेश घडवणाऱ्यांवर खटले होऊ नयेत म्हणून त्यांच्याच मद्रास सरकारनं कायद्याचं संरक्षण दिलं. त्याच राजाजींनी १९५३ मध्ये मुलांनी अर्धा वेळ शाळा आणि उरलेला वेळ बापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली. ती जात पक्की करणारी होती. लोक संतापले, त्यांचा संताप योग्य होता आणि पुढच्या वर्षी राजाजींना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. त्याआधी केंद्रात गृहमंत्री असताना १९५१ मध्ये वृत्तपत्रांना जाचणारा कायदाही त्यांनीच आणला होता. मेसेज लिहिणाऱ्यानं हे लिहिलं असतं तर मला उत्तर देणं जड गेलं असतं. पण त्यासाठी वाचावं लागतं.

चौथा, परदेशी असल्याचा. लोकशाही, समाजवाद, संसद हे शब्द कुठून आले म्हणे? एडमंड बर्कला सगळे इंग्लंडच्या हुजूर पक्षाचा आद्यपुरुष मानतात. तो स्वतः व्हिग, म्हणजे त्या काळच्या उदारमतवादी गटातला होता. त्यानं अमेरिकन वसाहतींशी समेट करा म्हणून १७७५ मध्ये संसदेत भाषण केलं आणि पुढे बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवला, १७८८ ते १७९५. बनारसचा राजा चेतसिंग, अवधच्या बेगमा यांच्यावरच्या जुलमाचा पाढा त्यानं लंडनमध्ये वाचला. इंग्लंडमध्ये जे पाप ते हिंदुस्थानात पाप नाही, हा युक्तिवाद त्यानं धुडकावला. हेस्टिंग्ज सुटला, ते वेगळं. पण कंपनीच्या राज्याला त्याच्याच देशात आरोपीच्या पिंजऱ्यापर्यंत नेलं ते या 'परदेशी' विचारानं.

स्वतंत्र पक्षात राजेरजवाडे होते का? होते. जयपूरच्या गायत्रीदेवी होत्या, रामगडचे राजे होते आणि तनखे बंद करायला पक्षाचा विरोध होता. हे मला कधीच पटलं नाही. पण पक्ष जन्मला कशातून? जानेवारी १९५९ च्या काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. जमिनी एकत्र कसायच्या, मालकी नावापुरती राहणार आणि उत्पन्नात वाटा मिळणार. तिथेच चरणसिंगांनी विरोध केला आणि त्याच वर्षी बाहेर हा पक्ष उभा राहिला. त्याचे अध्यक्ष एन. जी. रंगा आयुष्यभर शेतकरी चळवळीतले. राजवाड्याला सातबाऱ्याची चिंता नसते, ती दोन-चार एकरवाल्याला असते. 'परमिट-लायसन्स-कोटा राज' हा राजाजींचा शब्दप्रयोग आजही आपल्या तोंडी आहे. एका सहीसाठी खेटे घालावे लागणाऱ्या लहान धंदेवाल्याला तो लगेच कळतो. १९६७ मध्ये ४४ जागा मिळवून हा पक्ष लोकसभेतला सगळ्यात मोठा विरोधी पक्ष झाला. चार वर्षांनी ८ वर आला.

दुसरा मुद्दा राहिला, गरिबाच्या मताचा. एकोणिसाव्या शतकापुरता तो खरा आहे, निम्म्याहून जास्त खरा. फ्रान्समध्ये तिथला बडा उदारमतवादी मंत्री गिझो याच्या काळात दोनशे फ्रँक थेट कर भरणाऱ्यालाच मत होतं. साडेतीन कोटींच्या देशात जेमतेम अडीच लाख मतदार. वाढवा म्हटलं तर गिझो तयार नव्हता आणि १८४८ च्या फेब्रुवारीत त्याचं सरकार आणि राजा दोन्ही गेले. गावोगाव मुलांसाठी प्राथमिक शाळा हवी हा १८३३ चा कायदाही त्याचाच, पण मताच्या बाबतीत तो चुकला. विसाव्या शतकात मात्र हा आक्षेप टिकत नाही. स्वतंत्र पक्ष तर जन्मालाच प्रौढ मताधिकारात आला आणि त्या मतांवरच वाढला, त्या मतांनीच बुडाला.

भाचीनं विचारलं, मग या पानाचं काय करू? तिला म्हटलं, मथळ्यातला 'फसवणूक' शब्द काढ. दुसरा मुद्दा ठेव, पण 'एकोणिसाव्या शतकात' एवढं जोड. तिसऱ्यात भांडारकर आणि १९५३ ची ती योजना, दोन्ही लिही. पाचव्यावर आडवी रेघ मार आणि समासात खटल्याचं नाव लिहून ठेव : बिनोद राव (तो सेन्सॉर) विरुद्ध मिनोचर रुस्तम मसानी (आपले मिनू मसानी), मुंबई उच्च न्यायालय, १९७६. निकालपत्र मोठं आहे, इंग्रजीत आहे. पुढच्या रविवारी आपण दोघं मिळून वाचू.