हार्वी हॅडिक्सचं नाव परफेक्ट गेम्सच्या यादीत परत यायला हवं

मोठी पोस्ट आहे, पण हे एकदा लिहायचंच होतं.

२६ मे १९५९, मिलवॉकी. पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल टीमचा डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) हार्वी हॅडिक्स अंगात फ्लूची कणकण असताना खेळायला उतरला. समोर मिलवॉकी ब्रेव्हज, म्हणजे हँक अ‍ॅरन आणि एडी मॅथ्यूजसारखे तगडे फटकेबाज. बेसबॉलची मॅच नऊ इनिंग्जची, दर इनिंगला तीन आउट. ओळीने २७ जणांना बाद केलं आणि एकालाही पहिल्या बेसपर्यंत (धावेच्या पहिल्या टप्प्यापर्यंत) पोचू दिलं नाही, तर तो परफेक्ट गेम. हॅडिक्सने २७ पैकी २७ काढले. पण पायरेट्सनाही रन मिळेना. ब्रेव्हजच्या लू बर्डेटला त्या दिवशी १२ हिट्स (बॅटरला सुखरूप बेसवर पोचवणारे फटके) बसले, तरी पठ्ठ्याने रन एकही दिला नाही. दहावी इनिंग झाली, अकरावी झाली, बारावीही झाली. हॅडिक्सने लागोपाठ ३६ जण बाद केले!

तेराव्या इनिंगमध्ये थर्ड बेसवरच्या डॉन होकचा थ्रो चुकला आणि ब्रेव्हजचा पहिला माणूस बेसवर आला. मॅथ्यूजने बंट करून, म्हणजे चेंडू नुसता हळूच ढकलून, त्याला पुढे सरकवलं. अ‍ॅरनला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे खेळू न देताच पहिल्या बेसवर सोडलं. पुढच्या जो अ‍ॅडकॉकने चेंडू कुंपणापलीकडे मारला. धावताना तो अ‍ॅरनच्या पुढे निघून गेला, म्हणून होम रनचा डबल (दोन बेसचा फटका) झाला आणि निकाल लागला १-०. हॅडिक्सविरुद्धचा हा पहिला आणि एकमेव हिट.

१९९१ मध्ये मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या) समितीने व्याख्या आवळली. नऊ किंवा जास्त इनिंग्ज तर हव्यातच, शिवाय मॅच संपेपर्यंत एकही हिट नको. हॅडिक्सचं नाव यादीतून गेलं. तेव्हा तो हयात होता, हे मला जास्त लागतं.

मला हा निर्णय अजिबात पटत नाही. टीम हरली म्हणून कोणी शतकवीराचं शतक पुसतं का? नऊ इनिंग्जचा परफेक्ट गेम त्याने पूर्ण केला आणि वर आणखी तीन इनिंग्ज तशाच टाकल्या. नऊ टाकून घरी जाणारा यादीत आणि बारा टाकणारा बाहेर, हा कुठला न्याय?

पायरेट्सच्या नावावर विक्रम काय कमी आहेत? १९९३ ते २०१२, सलग २० सीझन जिंकण्यापेक्षा हरले जास्त. तो विक्रम मात्र कोणी खोडत नाही. १९६० ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनअखेरची अंतिम मालिका, तर वेगळीच. सात मॅचेसमध्ये न्यूयॉर्क यांकीजचे एकूण ५५ रन, पायरेट्सचे २७, आणि सिरीज जिंकली पायरेट्सनी. सातव्या मॅचच्या शेवटच्या इनिंगमध्ये बिल मॅझरॉस्कीने होम रन ठोकला, १०-९. वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच अशी होम रनवर संपली ती एवढीच. सगळे मॅझरॉस्कीचं नाव घेतात, घ्यायलाच हवं. पण त्या मॅचमध्ये विजयी पिचर म्हणून नोंद कोणाची आहे? हार्वी हॅडिक्सची.

नियम म्हणजे नियम, असं म्हणणाऱ्यांना मी रोबेर्तो क्लेमेंतेची आठवण करून देईन. ३० सप्टेंबर १९७२ ला पायरेट्सच्या या पोर्तो रिकन खेळाडूने आपला ३००० वा हिट मारला. ३१ डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीसाठी, निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं, पण त्याच्यासाठी ती अट बाजूला ठेवली आणि १९७३ मध्येच त्याला मान दिला. फार योग्य केलं. आज पिट्सबर्गच्या पीएनसी पार्क या मैदानात राइट फील्डची (उजव्या बाजूची) भिंत त्याच्या २१ नंबरच्या जर्सीसाठी २१ फूट उंच आहे.

म्हणजे नियमाला अपवाद करता येतो. हॅडिक्ससाठी पाच वर्षांची अटही शिथिल करायची नाही की भिंतही बांधायची नाही. परफेक्ट गेम्सच्या यादीत एक ओळ हवी: २६ मे १९५९, बारा इनिंग्ज. पुढे पराभव लिहायचा असेल तर तोही लिहा.