‘अफेलियन सुरू, कोकणात कडाक्याची थंडी’: हा मेसेज पुढे पाठवायच्या आधी हे वाचा

दिवाळी सरते, घामाच्या धारा जरा थांबतात, पहाटे पंखा एकवर आणावा लागतो आणि तेवढ्यात हा मेसेज गावच्या प्रत्येक ग्रुपवर येऊन पडतो. मेसेज म्हणतो, उद्यापासून अफेलियन सुरू, सूर्य 9 कोटी किलोमीटरवरून 15.2 कोटीवर जाणार, तापमान एका रात्रीत 10 डिग्रीने उतरणार, ला निनामुळे शंभर वर्षांतली सगळ्यात मोठी थंडी, आता पावसाचं नि वादळाचं टेन्शन संपलं, आंब्याला आठ दिवसांत मोहोर, फवारणी आजच मारा, आणि विटॅमिनच्या या या गोळ्या घ्या. शेवटी ‘हवामान खात्याचा इशारा’ असंही लिहिलेलं असतं म्हणून लोक विश्वास ठेवतात. यातल्या दोन मुद्द्यांनी तर माणसांचं खरंखुरं नुकसान होऊ शकतं, म्हणून एकेक घेतो.

पहिला मुद्दा, अफेलियन, म्हणजे पृथ्वी सूर्यापासून सगळ्यात लांब असते ती जागा. पृथ्वी सूर्यापासून सगळ्यात लांब असते ती जुलैच्या सुरुवातीला, आणि सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला. म्हणजे थंडीत आपण उलट सूर्याच्या जवळ असतो आणि लांब असतो तेव्हा आपल्याकडे भाताची लावणी चालू असते. 9 कोटीचा आकडाही चुकीचा, सरासरी अंतर साधारण 15 कोटी किलोमीटर आहे, ते वर्षभरात 14.7 ते 15.2 कोटीच्या मध्ये फिरतं, फरक तीनेक टक्के. बहुधा मैल आणि किलोमीटरची गल्लत करून कुणीतरी हा आकडा काढलाय, आणि तोच वर्षानुवर्षं फिरतोय.

दुसरा, एका रात्रीत 10 डिग्री. इथे आपला पावसानंतरचा उकाडा येतो कुठून ते बघायला पाहिजे. पाऊस माघारी गेला की आकाश मोकळं, जमीन ओली आणि वारा पूर्वेचा. ही हवा सह्याद्रीवरून खाली उतरते, उतरताना दाबली जाऊन तापते, कोरडी हवा हजार मीटर उतरली तर जवळजवळ 10 डिग्रीने तापते, आणि वर ती समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याला अडवून धरते. खारा वारा अकराला सुटला तर दिवस बरा जातो, दुपारी दोनपर्यंत सुटलाच नाही तर रत्नागिरीत पारा 36 च्या पुढे गेलाच समजा. हा उकाडा संपतो म्हणजे काय होतं तर वारा उत्तरेकडे वळतो, हवा कोरडी होते, रात्री जमीन लवकर निवते. फरक पडतो तो आधी पहाटेच्या तापमानात, दोन-चार डिग्रीचा, तोही आधी डहाणू-पालघरकडे आणि सगळ्यात शेवटी सिंधुदुर्गात. दुपार 32-33 ची राहतेच. समुद्र शेजारी 28 डिग्रीच्या आसपास असताना किनारपट्टीवर पहाटे 8-9 डिग्री येणार कुठून? सांताक्रूझचा नीचांक 7.4 आहे, तो 22 जानेवारी 1962 चा, ऐन थंडीतला. रत्नागिरीत डिसेंबर-जानेवारीतही पहाट साधारण 18-20 ची असते, दापोली उंचावर आहे म्हणून तिथे गारठा जास्त. आणि एक लक्षात ठेवा, पूर्वेचा वारा परत फिरला तर डिसेंबरातही 35 होतं, झालेलं आहे.

ला निनाचं थोडक्यात. ला निना म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा गार होणं. ती असली की उत्तर भारतात थंडीची शक्यता थोडी वाढते, गॅरंटी कुणी देत नाही. 2020 पासून लागोपाठ तीन हिवाळे ला निना होती, आणि तिसरा संपताना फेब्रुवारी 2023 आला, तो दिवसाच्या तापमानात देशात 1901 पासूनचा सगळ्यात गरम फेब्रुवारी ठरला.

आता ज्याच्यामुळे खरं लिहायला बसलो तो मुद्दा, ‘वादळाचं टेन्शन संपलं’. मंडळी, हे वाक्य कोकणात कुणीही कुणाला पाठवू नये. अरबी समुद्रात वादळं होतात ती पावसाच्या आधी आणि पाऊस गेल्यावर. फयान आलं 11 नोव्हेंबर 2009 ला, आपले मच्छीमार त्यात गेले. क्यार ऑक्टोबर 2019 च्या शेवटी, किनाऱ्यावर न येताच त्याच्या पावसाने शेतात कापून ठेवलेलं भात कुजवलं, लोंबीतच कोंब आले होते, हातात घेतलं की पांढरे मोड दिसायचे. ओखी तर डिसेंबर 2017 मधलं. पहाटे मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, गार लागला म्हणून समुद्र शांत असं होत नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा (धोक्याची खूण) असेल तर होडी बाहेर काढू नका, ग्रुपवर काहीही आलेलं असो. गरवं (उशिरा तयार होणारं) भात अजून उभं असेल तर कापणीआधी पुढच्या चार-पाच दिवसांचा अंदाज बघा, आणि कापलेल्या भाताची उडवी रचलीत तर वर ताडपत्री असू द्या.

आंब्याचा मुद्दा बागायतदारांसाठी. हापूसला मोहोर यायला गार रात्री लागतात हे खरंच आहे, पण नुसत्या थंडीने काम होत नाही, काडी, म्हणजे शेंड्याची फांदी, जून म्हणजे पक्व झालेली पाहिजे. पाऊस लांबला आणि वरून हा उकाडा मिळाला की झाड पालवी काढतं, तांबूस, मऊ, बोटांत चुरगळते अशी. त्या फांदीला आठ दिवसांत मोहोर येत नाही, ती जून व्हायला महिने जातात. पान गडद हिरवं, वाकवलं की कटकन मोडणारं आणि शेंड्याचा डोळा फुगलेला, अशा फांद्या आधी फुटतील. एकाच झाडावर दोन्ही असतात, म्हणून मोहोर टप्प्याटप्प्यानेच येणार. फवारणी तारखेवर नाही, अवस्थेवर करतात. पालवीवर तुडतुडे दिसत असतील तर आत्ताच बंदोबस्त करा, नाहीतर तेच पुढे मोहोरावर जातात, दुसरी फवारणी बोंगे, म्हणजे मोहोराचे डोळे, फुटताना. फूल पूर्ण उमललेलं असताना मात्र कीटकनाशक मारू नका, मधमाश्या आणि माश्या मरतात आणि मग फळ धरत नाही. थंडी जास्त लांबली तर पुनर्मोहोर, म्हणजे त्याच फांदीला पुन्हा मोहोर, येतो आणि आधीची वाटाण्याएवढी कैरी गळते, तेव्हा ‘जेवढी थंडी तेवढा आंबा’ हेही खरं नाही.

मेसेजमधली विटॅमिनच्या गोळ्यांची यादी सोडून द्या, काही लागत नाही. दुपारचं ऊन अजून तेवढंच आहे, कापणीला जाणाऱ्यांनी पाणी सोबत ठेवा.

आणि खरा अंदाज फुकट मिळतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, जिल्ह्याप्रमाणे, मराठीत, ‘मेघदूत’ ॲपवरही असतो. ग्रुपवर टाकायचंच असेल तर तो टाका, वर तारीख दिसेल असा.