‘नॅसची डिस्क म्हणजे नुसता स्टिकर’? त्या फॉरवर्डला उत्तर

सांगली-मिरजेच्या व्यापाऱ्यांच्या आणि टॅक्सवाल्यांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय: ‘नॅससाठी हार्ड डिस्क घेताना लूट टाळा, दुकानदार सांगत नाही अशा सात गोष्टी’. नॅस म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी, तिच्यावरच्या फाइली सगळ्या पीसींवरून वापरता येतात. गणपती पेठेत ऑफिस असलेल्या माझ्या मामेभावाने तो मला पाठवला. खाली एकच ओळ होती: “दादा, उद्या डिस्क घ्यायला चाललोय, हे बरोबर आहे ना?”

बरोबर नाही. सातातले दोन मुद्दे तर ऑफिसचा सगळा डेटा घालवतील असे आहेत. आधी तेच घेतो.

मुद्दा १: ‘नॅसची डिस्क आणि साधी डेस्कटॉप डिस्क आतून एकच. फरक स्टिकरचा आणि दोन हजारांचा.’

फरक कंपनीच्याच माहितीपत्रकात छापलेला आहे. सीगेटची ४ टीबी बाराकुडा ही साधी डेस्कटॉप डिस्क वर्षाला २,४०० तास चालेल असं धरून बनवलेली आहे, म्हणजे रोज साधारण साडेसहा तास. वर्षभरातलं लिहिणं-वाचणं धरलंय ५५ टीबी. नॅस मात्र वर्षाचे ८,७६० तास चालू असतो. त्याच सीगेटच्या आयर्नवुल्फ या नॅसच्या डिस्कला ८,७६० तास आणि १८० टीबी दिलेत. वॉरंटी पहिलीला २ वर्षं, दुसरीला ३.

पण खरं दुखणं तासांचं नाही, लिहिण्याच्या पद्धतीचं आहे. त्या बाराकुडाचा मॉडेल नंबर एसटी४०००डीएम००४. ती एसएमआर डिस्क आहे. एसएमआर म्हणजे काय ते समजायला जुन्या घरावरची कौलं आठवा. प्रत्येक कौल खालच्या कौलावर थोडं चढवलेलं असतं. डिस्कवरचे ट्रॅक तसेच एकमेकांवर चढवले की तेवढ्याच तबकडीवर जास्त डेटा मावतो आणि डिस्क स्वस्त पडते. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली सगळी कौलं उचलून परत बसवावी लागतात. एसएमआर डिस्क जुना डेटा बदलताना हेच करते. ही कसरत दिसू नये म्हणून डिस्कमध्ये एक वेगळा पट्टा राखलेला असतो. नवीन डेटा आधी त्यावर उतरतो आणि डिस्क रिकामी असेल तेव्हा जागच्या जागी लावला जातो. म्हणून घेतल्यावर महिनाभर ती झकास चालते आणि लोक ग्रुपवर ‘आमची तर मस्त चालली आहे’ लिहितात. सीएमआर डिस्कमध्ये ट्रॅक वेगवेगळे असतात, तिथे ही भानगडच नाही.

भानगड कळते ती एखादी डिस्क गेल्यावर. नवीन डिस्क बसवली की नॅस उरलेल्या डिस्कवरून सगळा डेटा तिच्यावर परत लिहून काढतो, याला रीबिल्ड म्हणतात. तासन् तास सलग लिहिणं चालतं. एसएमआर डिस्कचा राखीव पट्टा भरतो, तिला उसंत मिळत नाही आणि वेग रांगायला लागतो.

याची मोजणी झालेली आहे. सर्व्ह द होम या संकेतस्थळाने २०२० मध्ये ४ टीबीच्या डिस्क घेऊन झेडएफएस या डेटा साठवायच्या प्रणालीवर रीबिल्डची चाचणी केली. सीएमआर डिस्कनी १७ तासांच्या आत काम संपवलं. वेस्टर्न डिजिटलच्या (डब्ल्यूडी) डब्ल्यूडी४०ईएफएएक्स या एसएमआर डिस्कला सुमारे २३० तास लागले, म्हणजे साडेनऊ दिवस. एवढे दिवस तुमचा डेटा उरलेल्या डिस्कच्या भरवशावर असतो आणि त्या डिस्क त्याच वयाच्या असून रात्रंदिवस वाचल्या जात असतात. त्या साडेनऊ दिवसांत आणखी एक गेली, तर दोन हजार वाचवून काय मिळवलं?

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. स्टिकरवर विश्वास ठेवू नका, एवढं त्या मेसेजमधलं खरं आहे. वरची साडेनऊ दिवसवाली डिस्क डब्ल्यूडी रेड याच नावाने, नॅससाठी म्हणूनच विकली जात होती. २ ते ६ टीबीच्या त्या डिस्क एसएमआर आहेत हे एप्रिल २०२० मध्ये बाहेर आलं. त्याआधी खोक्यावर कुठेही तसं लिहिलेलं नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीने सीएमआर डिस्कना रेड प्लस हे वेगळं नाव दिलं. दुसरीही गोष्ट मान्य: दुकानात मिळणारे दोन खणांचे नॅस बहुतेक साधं मिररिंग (दोन्ही डिस्कवर तोच डेटा) करतात, ते ओळीने लिहीत जातं आणि झेडएफएसइतकी वाताहत होत नाही. पण रीबिल्ड चालू असताना ऑफिसातले चार जण टॅलीवर काम करतच असतात. तिथे ओळ मोडते आणि डिस्क अडखळते.

म्हणून दुकानात ‘नॅसची द्या’ एवढंच म्हणू नका. मॉडेल नंबर मागा आणि कंपनीच्या साइटवर त्याच्यापुढे सीएमआर लिहिलंय का बघा. डब्ल्यूडी४०ईएफएएक्स नको, डब्ल्यूडी४०ईएफपीएक्स चालेल. एका अक्षराचा फरक आहे, तेव्हा नंबर कागदावर लिहून न्या.

याच मुद्द्यात आणखी एक फरक आहे. खराब सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा छोटा तुकडा) लागला की डेस्कटॉप डिस्क तो वाचायचा हट्ट धरते, कधीकधी मिनिटभराहून जास्त. एकट्या पीसीत ते बरोबरच आहे, कारण तिथे दुसरी प्रत नसते. नॅसमध्ये आत चालणारा लिनक्स (त्याची ऑपरेटिंग सिस्टिम) साधारण ३० सेकंद वाट बघतो आणि डिस्क गेली समजून तिला बाहेर काढतो. चांगली डिस्क एका सेक्टरपायी बाद होते. नॅसच्या डिस्क ७ सेकंदांत हात टेकतात आणि तो सेक्टर दुसऱ्या डिस्कवरून भरून घेतला जातो. स्मार्टसीटीएल हा डिस्क तपासायचा प्रोग्राम वापरता येत असेल तर एससीटी एरर रिकव्हरीची, म्हणजे हा हट्ट किती वेळ धरायचा त्याची, वेळ बघा. ७० दिसलं की ७ सेकंद, कारण आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो. ‘सपोर्ट नाही’ असं उत्तर आलं तर ती डिस्क नॅसमध्ये घालू नका.

मुद्दा ३: ‘दोन डिस्क मिरर केल्या की बॅकअपचा खर्च वाचतो.’

सगळ्यात घातक वाक्य हेच. मिररिंग एकाच संकटासाठी आहे: एक डिस्क बिघडली तर ऑफिस चालू राहावं. कुणी चुकून मार्चचं फोल्डर डिलीट केलं, तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातं. एखाद्या पीसीत रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरला आणि नॅस झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला असला, तर दोन्ही प्रती एकदमच कुलूपबंद होतात. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरने इंटरनेटला उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस थेट गाठले. त्यात किती डिस्क होत्या याने काही फरक पडला नाही.

आणि सांगलीत बसून हे वाक्य पुढे ढकलणाऱ्यांनी पूर कसा विसरावा? आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. तळमजल्यावर टेबलाखाली ठेवलेल्या नॅसमधल्या दोन्ही डिस्क एकाच पाण्यात बुडतात.

करायचं ते एवढंच. यूएसबीच्या दोन बाहेरच्या डिस्क घ्या. या एसएमआर असल्या तरी चालतील, कारण इथे एकदा लिहून ठेवायचं असतं. स्वस्त डिस्कची योग्य जागा ही. एक डिस्क ऑफिसात, दुसरी विश्रामबागेत किंवा कुपवाडला घरी, म्हणजे उंचावरच्या भागात. दर शनिवारी अदलाबदल. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवायची, जोडलेली ठेवायची नाही. टॅली चालू असताना तिच्या फाइली कॉपी करू नका, अर्धवट डेटा उतरतो. टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि तो फोल्डर न्या. नॅसमध्ये स्नॅपशॉटची (फाइलींची आधीची अवस्था जपून ठेवायची) सोय असेल तर ती चालू करा. तीन महिन्यांतून एकदा त्या डिस्कवरून टॅलीतली एखादी कंपनी दुसऱ्या पीसीवर रिस्टोअर करून उघडून बघा.

मुद्दा ६: ‘डेटा सेंटरच्या डिस्क अर्ध्या किमतीत, शून्य तास चाललेल्या.’

ते शून्य पुसून आणलेलं असू शकतं. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीच्या हाइझे या माध्यमाने हेच उघड केलं: हजारो तास चाललेल्या सीगेटच्या डिस्क नवीन म्हणून विकल्या जात होत्या आणि स्मार्टमधले, म्हणजे डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या नोंदीतले, तास शून्य केलेले होते. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते, तिथे खरे तास शिल्लक होते. स्मार्टमॉनटूल्सच्या (वरचं स्मार्टसीटीएल यातच येतं) ७.४ किंवा नंतरच्या आवृत्तीत फार्म वाचता येतं. दोन आकडे जुळले नाहीत तर डिस्क परत. शिवाय सिरीयल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाका. तिथे वॉरंटी नाही असं आलं, तर दुकानदाराने तोंडी दिलेल्या वर्षभराच्या वॉरंटीला काही किंमत नाही.

बाकीचे चार पटकन.

मुद्दा २, ‘सीसीटीव्हीची पर्पल डिस्क सगळ्यात भारी, २४ तास चालते.’ २४ तास चालते हे खरं. पडून असेल तर दोन खणांच्या नॅसमध्ये वापरा. पण तिची जडणघडण कॅमेऱ्यांचं सलग चित्रण लिहिण्यासाठी आहे, नवीन विकत घ्यायला कारण नाही.

मुद्दा ४, ‘दोन्ही डिस्क एकाच बॅचच्या हव्यात.’ उलटं करा. एकाच खोक्यातून आलेल्या डिस्कनी प्रवासातले धक्केही एकच खाल्लेले असतात आणि त्या एकाच सुमाराला जाऊ शकतात. दोन वेगळ्या कंपन्यांच्या चालतात. फक्त बदली डिस्क जुनीपेक्षा थोडीही लहान नको, नॅस ती घेत नाही.

मुद्दा ५, ‘४ टीबीची ३.६३ दिसली तर डुप्लिकेट.’ कंपनी एक टीबी म्हणजे दहाचा बारावा घात धरते, विंडोज दोनचा चाळिसावा घात. भागाकार करा, ३.६३ येतं.

मुद्दा ७, ‘इन्व्हर्टर आहे, यूपीएस नको.’ बॅटरी संपत आली हे इन्व्हर्टर नॅसला सांगत नाही. यूएसबी केबलवाला यूपीएस सांगतो आणि नॅस नीट बंद होतो. महावितरणची लाइट दिवसात चारदा जाते तिथे हे लागतंच.

मामेभावाने काय घ्यावं: सीएमआरच्या ४ टीबीच्या दोन डिस्क, दोन कंपन्यांच्या. टॅक्सच्या ऑफिसला इतकं पुरून उरतं, ८ टीबी नको. डेटा टाकण्याआधी स्मार्टची लाँग टेस्ट लावा, ४ टीबीला साधारण रात्रभर लागते. नंतर स्मार्टमधले ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे तीन आकडे (खराब सेक्टरांचे) बघा, तिन्ही शून्य हवेत. एकही वाढलेला दिसला तर दुकानाची बदलून द्यायची मुदत संपण्याआधी परत करा. ट्रेमध्ये बसवताना प्रत्येक डिस्कच्या सिरीयल नंबरची शेवटची चार अक्षरं चिठ्ठीवर लिहून ट्रेच्या पुढे चिकटवा. नॅस बिघडलेल्या डिस्कचा सिरीयल नंबर सांगतो, आणि घाईत चालू असलेली डिस्क उपटली जाते ती हीच चिठ्ठी नसल्यामुळे.