ओबामाकेअरमधून मुस्लिमांना सूट? खुलासा

‘इस्लाममध्ये विमा निषिद्ध, म्हणून अमेरिकेतल्या मुस्लिमांना ओबामाकेअरमधून सूट आहे, दंड बाकीच्यांनी भरायचा’ हा मजकूर २०१० पासून फिरतो आहे. तो खोटा आहे.

ओबामाकेअर म्हणजे अमेरिकेचा आरोग्यविमा कायदा; विमा न घेणाऱ्याला त्यात दंड ठेवला होता. २३ मार्च २०१० रोजी स्वाक्षरी झालेल्या या कायद्यात धार्मिक सवलत होती, पण त्यात कोणत्याही धर्माचे नाव नाही. तिचे निकष सोशल सिक्युरिटीच्या (अमेरिकेतल्या सरकारी निवृत्तिवेतन योजनेच्या) जुन्या करनियमातून उचललेले होते: पंथ ३१ डिसेंबर १९५० पासून सलग अस्तित्वात हवा, त्याने आपल्या गरजू सदस्यांचा सांभाळ स्वतः करायला हवा आणि सदस्यांचा खासगी-सरकारी अशा सगळ्याच विम्याला सद्सद्विवेकाने विरोध हवा. आमिश (साधेपणाने, आपल्याच समाजात राहणारा ख्रिस्ती पंथ) लोक यात बसतात. विम्याबद्दल मुस्लिम धर्मपंडितांत मतभेद आहेत, हे खरे. पण अमेरिकी मुस्लिम सोशल सिक्युरिटीचा कर भरतात, लाभही घेतात. मग सवलत कुठून मिळणार? शिवाय २०१९ पासून केंद्रीय दंडच शून्यावर आला आहे, तरी संदेश चालूच!

प्रत्यक्षात चित्र उलटे आहे. ‘अमेरिकन मुस्लिम हेल्थ प्रोफेशनल्स’ या संघटनेने कायद्याची बाजू घेतली आणि लोकांची विमा नोंदणी व्हावी म्हणून मोहीम चालवली. लॉस एंजेलिसमधले ‘उम्मा’ क्लिनिक तर या कायद्याच्याही आधीचे. मुस्लिम वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पुढाकारातून ते १९९६ मध्ये सुरू झाले, आणि तिथे उपचार घ्यायला रुग्णाचा धर्म आड येत नाही.