‘कॅमेऱ्यात स्वच्छ दिसलं, मग बायोप्सी कशाला?’

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या आजारांच्या रुग्णांमध्ये एक मेसेज फिरतोय: नव्या कॅमेऱ्याने कोलोनोस्कोपीत (गुदद्वारातून नळी घालून केलेल्या आतड्याच्या तपासणीत) आतड्याच्या आरपार दिसतं, बायोप्सी, म्हणजे अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासणं, हे बिल वाढवायचं निमित्त, आणि आतडं स्वच्छ दिसलं की गोळ्या बंद. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. तिसरी तर घातक आहे.

‘आरपार दिसतं’. नाही. अशा कॅमेऱ्यातल्या नॅरो बँड इमेजिंग या तंत्रात पांढऱ्या प्रकाशाऐवजी ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचे (निळा आणि हिरवा) प्रकाशाचे दोन अरुंद पट्टे वापरतात. रक्तातलं हिमोग्लोबिन ते शोषून घेतं, त्यामुळे आतल्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या उठून दिसतात आणि दाहाने त्यांची जाळी कुठे विस्कटली तेही कळतं. साध्या प्रकाशात सुटलेली सौम्य सूज यात कधीकधी पकडता येते, हा फायदा आहे. पण दिसतो तो अस्तराचा पृष्ठभाग आणि त्यालगतचा पातळ थर. पोट नीट साफ झालं नसेल तर उरलेलं पिवळं पाणीही या प्रकाशात रक्तासारखं लाल दिसतं.

‘बायोप्सी नको’. यात एक धागा खरा आहे: कर्करोगाच्या नियमित तपासणीत पूर्वी दर १० सेंमीवर चार तुकडे घेत; आता रंगद्रव्य फवारून किंवा अशा प्रकाशात संशयित जागा नेमकी दिसली, तर तुकडे कमी लागतात. दाहाचं तसं नाही. निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही सूक्ष्मदर्शकाखाली न्यूट्रोफिल (दाहाची खूण असलेल्या पांढऱ्या रक्तपेशी) सापडतात, आणि अशा रुग्णांचा आजार उलटण्याची शक्यता जास्त असते. मायक्रोस्कोपिक कोलायटिसमध्ये (सूक्ष्मदर्शकाखालीच कळणाऱ्या दाहात) तर अस्तर बहुधा अगदी नॉर्मल दिसतं.

आपल्या देशात याहून मोठं कारण आहे. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स, दोन्हींचे व्रण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होतात आणि कॅमेऱ्यात सारखेच दिसू शकतात. क्रोन्स समजून टीबीच्या रुग्णाला स्टेरॉइड दिलं, तर टीबी पसरतो. तुकड्यांची पॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी), कल्चर (जंतू वाढवून पाहणं), जीनएक्स्पर्ट (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) करूनही कधीकधी निदान अडतं. मग फक्त चित्रावर कसं विसंबायचं? तुकडा काही मिलिमीटरचा असतो, आणि अस्तराला चिमट्याची वेदना कळत नाही.

‘गोळ्या बंद’. आतडं बरं दिसतंय ते बहुतेकदा त्या गोळ्यांमुळेच. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मेसालामिन हे दाह कमी करणारं औषध मनाने सोडलं की आजार उलटण्याचा धोका वाढतो. डोस कमी करायचाच असेल तर लक्षणं, बायोप्सी आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातल्या दाहाची खूण असलेलं प्रथिन) बघून तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.